औ बाविसाव्या पाठात आहे

मला खरं तर पोहायला शिकायचं होतं. पाठीच्या दुखण्यावर डॉक्टरांनी तोच उपाय सांगितला होता, म्हणून एका शनिवारी मी तलावाचा फॉर्म आणायला नागरी मंडळाच्या कार्यालयात गेलो. तलावाच्या खिडकीपुढे ही भली मोठी रांग. शेजारच्या टेबलापुढे मात्र चिटपाखरू नव्हतं. तिथल्या बाईंनी हसून एक फॉर्म पुढे सरकवला आणि मीही हसून सही ठोकली. हे सांगताना मला अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं, कारण मी पाणीपुरवठा खात्यात नळजोडणीचे अर्ज तपासतो. एकवीस वर्षं लोकांच्या अर्जांतल्या त्रुटी लाल पेनाने काढत आलोय. वडिलांच्या नावातलं एक अक्षर राहिलं तरी मी माणसाला परत पाठवतो, मग त्याच्या घरी पाणी असो वा नसो. असा मी स्वतःचा फॉर्म न वाचता सही करून आलो, आणि आठवड्याभरात पत्र आलं: प्रौढ साक्षरता वर्गाचे स्वयंसेवक शिक्षक म्हणून आपली निवड झाली आहे, अभिनंदन.

"समाजकार्याची ओढ मला पहिल्यापासूनच होती," मी बायकोला सांगितलं.

"मग पोहायची चड्डी कशाला आणलीत?" ती म्हणाली.

वर्ग सोमवारी आणि गुरुवारी, संध्याकाळी पाच ते साडेसहा. खोली मंडळाच्या इमारतीत जिन्याखालची. तिला एकच खिडकी, तीही समोरच्या भिंतीवर उघडणारी, त्यामुळे पाच वाजताही दिवा लावावा लागायचा. वरून कोणी जिना उतरलं की छतातून धप धप आवाज यायचा आणि तो खाली येऊन थांबायचा. आत मात्र कोणी येत नसे. पाच बाकं, दहा विद्यार्थी. त्यात एक गवंडी होता, एक लिफ्ट चालवणारा होता, एक रखवालदार होता, घरकाम करणाऱ्या दोघी जावा होत्या, आणि पहिल्या बाकावर इस्त्रीवाल्या मावशी होत्या. आमच्या गल्लीतले कपडे त्याच इस्त्री करतात. अठ्ठावन्न वर्षांच्या, अंगाने काटक, बोलायला तुटक. माझे शर्ट गेली नऊ वर्षं त्यांच्या हातून जात होते आणि तरी त्या मला 'सर' म्हणायला लागल्या तेव्हा मी मनातून फुगलो. हे कबूल केलेलं बरं.

मंडळाची एक मार्गदर्शिका होती. ती मला टेबलावरच्या त्याच बाईंनी दिली. त्या समन्वयक होत्या. मार्गदर्शिकेत छत्तीस पाठ होते आणि अक्षरांचा क्रम आपल्या शाळेतल्यासारखा नव्हता. जी अक्षरं जास्त लागतात ती आधी, कमी लागणारी मागून, आणि जोडाक्षरं अगदी शेवटी, एकोणतिसाव्या पाठापासून. शिवाय सहाव्या पाठापासून दर सोमवारी पत्रलेखन. प्रत्येकाने तोवर शिकलेल्या अक्षरांत एक पोस्टकार्ड लिहायचं, जवळच्या माणसाला, खऱ्या पत्त्यावर. पत्ता मी घालायचा, कार्ड खरोखर पेटीत टाकायचं आणि उत्तर वर्गाच्या पत्त्यावर मागवायचं. उत्तर आलं की माणसाला शिकण्याची गोडी लागते, असं त्यात छापलं होतं.

पहिल्या सोमवारी दहा कार्डं गेली. गवंड्याने भावाला लिहिलं, लिफ्टवाल्याने मुलीला, जावांनी एकमेकींना लिहिलं कारण दोघींचं पटत नव्हतं. गुरुवारी पोस्टमन आला तेव्हा त्याच्या हातात एकच कार्ड होतं, इस्त्रीवाल्या मावशींचं. वर काळा गोल शिक्का होता, आत ना गाव ना तारीख. पाठीमागे मोठ्या, वाकड्या अक्षरांत दोन ओळी.

*ताई, मी नीट आहे. तू लिहीत जा.*

"बघा!" मी कार्ड वर्गाला दाखवत म्हणालो. "बहीण असावी तर अशी. चार दिवसांत उत्तर!" आणि सवयीने खिशातलं लाल पेन काढून एका वेलांटीला गोल केला.

वर्ग सुटल्यावर मावशी मागे रेंगाळल्या. मी म्हटलं, "तुमची बहीणही शिकतेय वाटतं कुठेतरी? अक्षर नवशिकं आहे."

"ती जाऊन अडतीस वर्षं झाली, सर."

मला वाटलं, कुठे बाहेरगावी गेली असेल. मी विचारलं, "कुठे?"

ज्याला अर्ज भरता येत नाही अशा माणसाकडे मी पाहतो, तसं मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "वारली," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, जवळच्या माणसाला लिहा. मला दुसरं कोण आहे?"

डोक्यावर जिन्यात पावलं वाजली, खालच्या पायरीपर्यंत आली आणि थांबली. मी पोरासारखा दचकलो, आणि दचकलो नाही असं दाखवण्यासाठी डस्टर झटकायला लागलो.

घरी आल्यावर मी हा प्रकार समोरच्या दारातल्या काकांना सांगितला. काका पोस्टातून निवृत्त झालेत आणि सल्ला देण्याच्या कामातून ते कधीच निवृत्त होणार नाहीत. त्यांनी कार्ड उजेडात धरलं, वास घेतला, आणि म्हणाले, "शिक्का आमचा नाही."

"मग कुणाचा?"

"ते मी कसं सांगू? आमचा नाही एवढं खात्रीने सांगतो." एवढं बोलून त्यांनी चहा मागवला, तोही माझ्याच घरातून.

मी पुरावा मानणारा माणूस आहे. दुसऱ्या दिवशी कचेरीत मी मावशींनी बहिणीचा म्हणून सांगितलेला पत्ता आमच्या नोंदवहीत शोधला. आमच्या खात्याचं साधं तत्त्व आहे, नळजोडणी नाही म्हणजे माणूस नाही. त्या पत्त्यावरची जोडणी तेवीस वर्षांपूर्वी तोडलेली होती. इमारत पाडून तिथे पाण्याची टाकी बांधली होती, आमच्याच खात्याची. कार्ड पोचवायला तिथे दार नव्हतं, पेटी नव्हती. मी नोंदवही मिटली आणि त्या दिवशी एकाही अर्जात त्रुटी काढली नाही. साहेबांनी तब्येतीची चौकशी केली.

पुढच्या सोमवारी मावशींनी लिहिलं: तू माझी वाट पाहिलीस का? गुरुवारी उत्तर आलं.

*पाहिली. मग उजेड गेला.*

हे मी वर्गात मोठ्याने वाचलं नाही. मावशींच्या हातात दिलं. त्यांनी बोट ठेवून अक्षर अक्षर वाचलं, पदराने डोळे पुसले, आणि कार्ड वहीत ठेवून म्हणाल्या, "चला, पुढचा पाठ घ्या."

आता माझ्या लक्षात एक गोष्ट आली आणि माझी झोप उडाली. त्या उत्तरांत आम्ही शिकलेल्या अक्षरांपलीकडचं एकही अक्षर नव्हतं. मी मार्गदर्शिका घेऊन ताडून पाहिलं. नऊ पाठ झाले होते, उत्तर नऊ पाठांत बसत होतं. शिवाय म. मी म खालून वर काढतो, तो जरा मान वाकडी केल्यासारखा दिसतो. शाळेत यावरून मी मार खाल्लाय. कार्डावरचा म तसाच मान वाकडी करून उभा होता. म्हणजे लिहिणारा माझ्या फळ्यावरून शिकत होता.

अर्थातच वर्गातला कोणीतरी चेष्टा करत होता! माझा जीव भांड्यात पडला आणि पाठोपाठ मला संताप आला. मी दहाही जणांना 'मी नीट आहे' दहा दहा वेळा लिहायला लावलं आणि ते कागद घरी आणून भिंगाखाली धरले. गवंड्याची अक्षरं विटांसारखी चौकोनी. रखवालदाराची प्रत्येक ओळ वहीबाहेर पहारा द्यायला निघालेली. जावांनी एकमेकींचं बघून लिहिलं होतं. कोणाचंही अक्षर जुळेना. बायको बराच वेळ माझ्या खांद्यावरून पाहत होती. शेवटी तिने शांतपणे माझी कचेरीची वही उघडली आणि कार्डाशेजारी ठेवली.

"जुळतंय," ती म्हणाली. "कोण आहे ही ताई?"

हे असं होतं आमच्याकडे. मी समाजकार्य करतो आणि माझ्यावर वहीम. काकांनी तर निकालच दिला की मीच भान नसताना लिहितो. पोस्टात म्हणे असा एक कारकून होता, स्वतःलाच तक्रारी लिहायचा आणि स्वतःच त्यांना उत्तरं द्यायचा. बायकोने घरातली सगळी पेनं कपाटात घालून किल्ली कमरेला लावली. पुढचा आठवडाभर मी किराण्याची यादी तोंडपाठ करून दुकानात गेलो आणि साबण विसरून आलो. गुरुवारी कार्ड आलंच.

दरम्यान दहाव्या पाठाला मावशींनी लिहिलं होतं: तुला माझा राग येतो का? उत्तर होतं:

*कशाचा राग?*

त्या दिवशी सगळे गेल्यावर मावशी बाकावरून उठेचनात. "सर," त्या म्हणाल्या, "मला 'औषध' लिहायला शिकवा."

"औ बाविसाव्या पाठात आहे. ष पण."

"आजच शिकवा."

मग त्यांनी सांगितलं, एकेक वाक्य, कपड्याची घडी घालावी तसं. दोघी बहिणी एका खोलीत राहायच्या. धाकटी सतरा वर्षांची, तापाने पडलेली. फळीवर दोन बाटल्या होत्या, एक पोटात घ्यायची, एक अंगाला चोळायची. दोन्ही तपकिरी, दोन्हींवर कागद चिकटवलेला. डॉक्टरांनी ओळखायची खूण सांगितली होती पण मावशी ती विसरल्या. दुपारी त्यांनी एका बाटलीतलं चमचाभर दिलं आणि कामावर गेल्या. संध्याकाळी परत आल्या तेव्हा सगळं संपलं होतं. चोळायच्या औषधाची बाटली अर्धी झाली होती, असं डॉक्टर म्हणाले.

"मी कुठली दिली ते मला माहीत नाही," मावशी म्हणाल्या. "अडतीस वर्षं मी रोज ती फळी डोळ्यांपुढे आणते. कागद दिसतात, पण मला वाचता कुठे येत होतं? आता ती विचारतेय कशाचा राग. मी काय सांगू?"

मी म्हटलं, "नुसतं 'बाटली' लिहा. किंवा 'दवा'."

"आम्ही औषधच म्हणायचो," त्या म्हणाल्या. "एवढ्या वर्षांनी विचारायचं तर नेमकं विचारायला हवं. मी तिला थांबायला सांगते."

आणि त्यांनी खरंच पुढच्या कार्डावर लिहिलं, थांब, सांगते. उत्तर आलं, *थांबते.*

आता कोणीही म्हणेल, त्यात काय, शिकवायचं एक अक्षर आधी. पण मंडळाची पद्धत तशी नव्हती. पाठांचा क्रम बदलायचा तर अर्ज करावा लागे, आणि क्रम न विचारता बदलणाऱ्याचा वर्ग बंद होई, तसं मार्गदर्शिकेच्या पहिल्याच पानावर ठळक होतं. मी अर्ज केला. आयुष्यात इतका निर्दोष अर्ज मी पाहिला नव्हता. 'बदलाचे कारण' या रकान्यात मी प्रामाणिकपणे लिहिलं: विद्यार्थिनीस औषधाविषयी विचारावयाचे आहे. आठ दिवसांनी अर्ज परत आला. शेरा होता: औषधांसंबंधी आरोग्य विभागाशी संपर्क साधावा. खाली लाल पेनाने एक त्रुटीही दाखवली होती, मी माझ्या वडिलांचं नाव पूर्ण लिहिलं नव्हतं.

मी समन्वयक बाईंकडे गेलो. त्या भयंकर खुशीत होत्या. सगळ्या वर्गांत नियमित पत्रोत्तर येणारा आमचाच एक वर्ग होता. बाकीच्यांचे भाऊ, मुली, मेहुणे, कुणालाही दोन ओळी लिहायला सवड झाली नव्हती. बाईंनी वार्षिक अहवालासाठी एक तक्ता पुढे केला: पत्रोत्तर देणाऱ्या व्यक्तीचे वय, शिक्षण, व्यवसाय. मी वय सतरा लिहिलं. व्यवसायापुढे बराच विचार करून 'सध्या काही नाही' लिहिलं.

"शिक्षण?" बाईंनी विचारलं.

"चालू आहे," मी म्हणालो, आणि माझ्याच मानेवरचे केस उभे राहिले.

एक शंका मला अजून फेडून घ्यायची होती. तेरावा पाठ झाला होता, चौदाव्यात भ होता. सोमवारी मी अर्धा तास आधी गेलो, आतून कडी घातली, दिवा लावला आणि फळ्यावर एक भ काढला. खाली त्याला मुद्दाम एक लांब शेपटी काढली, वर वळवलेली, जगात कोणी काढत नाही अशी. मिनिटभर तो भ तसाच ठेवला. मग ओल्या फडक्याने फळा दोनदा पुसला, कडी काढली, आणि पाच वाजता वर्गाला साधा, सरळ, शेपटी नसलेला भ शिकवला. त्या दिवशी मावशींनी लिहिलं: तू कुठे असतेस?

गुरुवारी कार्ड आलं. *इथली भिंत ओली असते.* भ ला शेपटी होती. लांब, वर वळलेली.

टाकीची भिंत ओली असते हे मला कचेरीतून ठाऊक होतं, पण त्याहून त्या शेपटीने मी हादरलो. खोलीत मी एकटा होतो. निदान माझी तशी समजूत होती. त्या संध्याकाळी मी पाचही बाकांकडे पाहणं टाळलं आणि सगळा पाठ फळ्याकडे तोंड करून शिकवला. वर्ग सुटल्यावर मावशींना सांगितलं, माझी पाठ दुखते, मी राजीनामा देणार. पाठ खरंच दुखत होती.

मावशींनी माझा हात धरला. इस्त्रीने कडक झालेला तळवा, चांगलाच गरम. "सर, तुम्ही गेलात तर वर्ग बंद होईल. औ पर्यंत तरी थांबा. मग जा पाहिजे तर."

मी थांबलो. शूर म्हणून थांबलो असं नाही. अडतीस वर्षं जी बाई एका प्रश्नावर उभी आहे तिला अर्ज अपूर्ण म्हणून परत पाठवणं मला जमलं नाही. आणि मी असं हजारोंना पाठवलंय.

एव्हाना वर्गात बातमी फुटली होती. एका सोमवारी मी कार्डं गोळा केली तर गवंड्याने वारलेल्या वडिलांना लिहिलं होतं, लिफ्टवाल्याने बायकोला, रखवालदाराने आपल्या आधीच्या रखवालदाराला. मी सगळ्यांचे पत्ते घातले. एकाचंही उत्तर आलं नाही. मग कुरकुर सुरू झाली की सर मावशींवर जास्त लक्ष देतात, त्यांना पहिलं बाक दिलंय. गवंड्याने तर मंडळाकडे तोंडी तक्रार केली.

"उत्तर कसं येईल?" मावशी सहज म्हणाल्या. "ते वर्गाला येत नाहीत."

धाकटी जाऊ हळूच सरकून थोरलीला चिकटून बसली. दोघींचं भांडण मिटवण्याचे सगळे उपाय थकले होते, तेवढं एक काम झालं.

असे आम्ही बाविसाव्या पाठाला पोचलो. मी औ काढला, ष काढला, शक्य तितक्या सुबक. मावशींनी फळ्यावरून नजर हलवली नाही. मग त्यांनी कार्ड पुढे ओढलं आणि पंचवीस मिनिटं लिहीत होत्या. *तुला मी औषध दिलं. ते चुकीचं होतं का?* मी लाल पेन खिशातून काढलंसुद्धा नाही. कार्ड पेटीत टाकायला आम्ही दोघं गेलो. आतल्या कार्डांवर ते पडल्याचा आवाज मी कान देऊन ऐकला.

गुरुवारी उत्तर आलं नाही.

पुढच्या गुरुवारीही नाही. पोस्टमन दारावरून जाताना नुसती मान हलवायचा. मावशी वर्गाला येत होत्या, पण हात चालत नव्हता. माझ्या कचेरीच्या शर्टाच्या पाठीवर त्यांनी इस्त्रीचा तपकिरी त्रिकोण उमटवला आणि त्यांना ते कळलंही नाही. मी तो शर्ट तसाच घालून गेलो. साहेब म्हणाले, "पाठीवर काय आहे?" मी म्हटलं, "समाजकार्य."

माणूस असा रोज थोडा थोडा विझताना पाहवत नाही. मी बायकोला सगळं सांगितलं, अगदी भ च्या शेपटीसकट. मग तिने कमरेची किल्ली काढली, कपाटातून एक पेन आणून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "तुम्हीच लिहा आता." मी डाव्या हाताने लिहायला बसलो. चार कार्डं फुकट गेली. पाचवं जमलं: प्रिय ताई, तुझी काही चूक नव्हती. मी सुखात आहे. काकांनी कुठूनसा एक जुना शिक्का काढून त्यावर उमटवला, हे बेकायदेशीर आहे असं तीनदा बजावून.

गुरुवारी मी ते कार्ड पोस्टमनने दिल्यासारखं करून मावशींना दिलं. त्यांनी बोट ठेवलं आणि पहिल्याच अक्षरावर थांबल्या.

"हे अक्षर आपलं झालेलं नाही, सर."

जोडाक्षर! एकोणतिसावा पाठ! एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाने आपला एवढा एक कागद तपासला नव्हता.

"आणि ती मला कधी असलं लाडाचं काही म्हणायची नाही," मावशी म्हणाल्या. "'ए ताई' म्हणायची. तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंत. पण हे तुमचं आहे." त्यांनी कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं, पालथं. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. मी माफी मागितली, भर वर्गात. त्या म्हणाल्या, "ती लिहील. काहीतरी अडलं असेल तिचं."

सोमवारी अठ्ठाविसावा पाठ होता, त्यात ढ होता. जोडाक्षरांच्या आधीचं शेवटचं अक्षर. ढ शिकवताना कुठल्याही वर्गात हशा होतो, त्या दिवशी कोणी हसलं नाही. फळ्यावर लिहिताना माझ्या पाठीमागे खडू घासल्यासारखा बारीक आवाज येत होता. मी वळलो. दहाही जणांच्या हातात पेन्सिली होत्या.

गुरुवारी पाचला पाच मिनिटं असताना पोस्टमन आला. त्याने कार्ड माझ्या हातात न देता सरळ पहिल्या बाकावर नेऊन ठेवलं. कडा ओलसर होत्या. शिक्का गोल, काळा, रिकामा. मी पुढे झालो तेव्हा मावशींनी तळहाताने कार्ड झाकलं.

"मी वाचते," त्या म्हणाल्या.

त्या उभ्या राहिल्या. मग एकेक अक्षर बाहेर यायला लागलं, आणि प्रत्येक वाक्य पुरं झालं की त्या श्वास घेत होत्या.

"ताई, तू दिलंस ते बरोबरच होतं. तू कामावर गेलीस. मग ताप वा... वाढला." इथे त्यांनी ढ वर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. मला कळलं की तीन गुरुवार ती कशासाठी थांबली होती. "बाटली मीच घेतली. मला वाचता येईना."

पुढे दोनच शब्द होते. मावशींचे ओठ हलले, पण पाणी आडवं आलं. गवंड्याने मान खाली घातली होती. कोणी काही बोललं नाही, आणि तरी त्या कोंदट खोलीत ते दोन शब्द सगळ्यांनी ऐकल्यासारखं मला वाटलं. मग मावशींनी डोळे पुसले आणि स्वच्छ वाचलं:

"आता येतं."

त्या खाली बसल्या. अडतीस वर्षं ताठ असलेली पाठ मी प्रथमच बाकाला टेकलेली पाहिली. मी विचारलं, आज पाठ राहू दे का, तुम्हाला घरी जायचंय का. त्यांनी वही उघडली, नवं पान काढलं आणि पेन्सिलीचं टोक पाहिलं.

"नको, जोडाक्षरं सुरू करा," त्या म्हणाल्या. "ती खोळंबली असेल."

मी खडू घेतला, फळ्यापासून जरा बाजूला सरकलो, म्हणजे मागच्यांनाही नीट दिसेल, आणि नेहमीपेक्षा थोड्या मोठ्या आवाजात एकोणतिसावा पाठ सुरू केला.